पंधराव्या ओळीतलं शून्य

१

आमच्या घरी दुपारचे तीन वाजले हे घड्याळात बघावं लागत नाही. बाबा गळ्यात रेडिओ अडकवतात, खिशात वही-पेन्सिल कोंबतात, आईला "येतो वं" म्हणतात आणि मागच्या दारानं कपाशीत शिरतात. पाच वाजता बाहेर येतात. मधले दोन तास माझ्या खोलीच्या खिडकीतून फक्त रेडिओ ऐकू येतो. गाणी, बातम्या, मधेच खरखर. तो वाजतोय म्हणजे बाबा ठीक आहेत, असा माझा आणि आईचा न बोलता ठरलेला करार.

बाबा म्हणजे उत्तमराव, निवृत्त कृषी सहायक, वय एकाहत्तर. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. त्यातून सावरले, पण उजवा हात लिहिताना भरकटतो. डॉक्टरांनी रोज अडीच किलोमीटर चाला म्हणून सांगितलं. गावात रस्त्यानं रिकामं फिरणारा माणूस त्यांना आयुष्यभर खटकत आलेला. मग त्यांनी गणित मांडलं. घरामागचा सव्वा एकर, चौफुली म्हणजे उभ्या-आडव्या सारख्याच अंतरावर लावलेली कपाशी, चौसष्ट ओळी, ओळीत नव्वद झाडं. दोन ओळींमधून एक फेरी, अशा बत्तीस फेऱ्या मारल्या की झाले अडीच किलोमीटर. आणि चालतोच आहे तर गुलाबी बोंडअळीची डोमकळी, म्हणजे अळीनं आतून शिवून टाकलेलं न उमललेलं फूल, दिसेल तिथं तोडायची आणि वहीत लिहायची.

मी जयमाला, त्यांची धाकटी. अकरा वर्षं पुण्यात होते, लग्न केलं, ते मोडलं, आणि आता मोताळ्यापासून आठ किलोमीटरवरच्या या गावात बसून संगणकाचंच काम करते. छप्पर पत्र्याचं आहे, पण इंटरनेट पुण्यापेक्षा बरं चालतं. आईच्या हातची ज्वारीची भाकर मिळते. खोटं कशाला बोलू, मी मजेत आहे.

२

संध्याकाळी चहा झाला की बाबा वही वाचून दाखवायचे आणि मी टाइप करायचे. त्यांचं अक्षर त्यांच्याशिवाय कुणाला लागत नाही.

"ओळ सात, झाड बावीस, दोन. ओळ तीस, झाड अकरा, एक."

सहा हजारांच्या आसपास झाडं आणि दिवसाला दहा-बारा नोंदी. अशा माहितीला आमच्या धंद्यात स्पार्स मॅट्रिक्स म्हणतात. बहुतेक जागा मोकळ्या असतात, म्हणून मोकळ्या जागा ठेवायच्याच नाहीत, भरलेल्या तेवढ्या ठेवायच्या. फळीवर फक्त भरलेले डबे मांडावेत तसं. मग चित्रं काढणारी एक फुकटची लायब्ररी आहे, जगभरातले लोक मिळून ती सांभाळतात, मीही हौसेनं तिच्यात दुरुस्त्या करते. ती अशा मॅट्रिक्सचं चित्र काढते: जिथं काही आहे तिथं काळा ठिपका. पहिली ओळ सगळ्यात वर, म्हणजे आमच्या शेतात घराकडची ओळ वर आणि नाल्याकडची चौसष्टावी खाली. मी रोजचं चित्र काढून घरच्या ग्रुपवर टाकायचे. बाबांना फार कौतुक वाटायचं त्याचं.

रोज एक नोंद मात्र शून्याची असायची, जशी एके दिवशी: "ओळ अठ्ठावन, झाड एक्केचाळीस, शून्य."

मी टाइप करून टाकायचे. हात चालत असले की डोकं चालत नाही.

३

पित्तरपाटात, म्हणजे पितृपक्षात, आजोबांचं पान होतं, म्हणून माझा मोठा भाऊ दीपक नाशिकहून आला. दादा माणूस चांगला, पण त्याला सगळं तपासून पाहायची खोड. जेवण झाल्यावर मोबाईलवर माझी मागची चित्रं उघडून तो कपाशीत शिरला. तासाभरानं आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. मला मागच्या अंगणात घेऊन गेला.

"जया, अठ्ठावन, एकोणपन्नास आणि एक्केचाळीस नंबरच्या ओळी. तू ठिपका दाखवतेस त्या तिन्ही झाडांवर डोमकळी तोडल्याची खूणच नाही. बाकीच्या झाडांवर देठ दिसतात तोडलेले. इथं काहीच नव्हतं कधी."

"मग?"

"मग काय? बाबांना भास होतात. जिथं काही नाही तिथं त्यांना दिसतंय. झटक्यानंतर होतं असं, मी विचारलंय डॉक्टरला." मग म्हणाला, "दसऱ्याला गाडी घेऊन येतो. दोघांना नाशिकला नेतो. चौथ्या मजल्यावर लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे."

माझं डोकंच सटकलं. बाबांना चौथ्या मजल्यावर! त्या माणसाला खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दाखवत बसवायचं? दोन महिन्यांत वाळून जातील. मी दादाला नको नको ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "मला शिव्या देऊन काय होणार? मला दाखव की बाबा बरोबर लिहितात. मी गाडी परत नेतो."

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

४

त्याच रात्री मी नोंदी काढून बसले आणि दहा मिनिटांत चोर सापडला. अठ्ठावन, एकोणपन्नास, एक्केचाळीस, तिन्ही ठिकाणी बाबांनी शून्य लिहिलं होतं! चूक बाबांची नव्हती, लायब्ररीची होती. ती बिचारी आकडा बघतच नव्हती. जागा नोंदलेली आहे ना, मग ठोक ठिपका. फळीवर रिकामा डबा मांडला तरी ती तो भरलाच आहे असं धरून चालली होती.

मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारून सांगितलं. तिला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण तिनं देवापुढं साखर ठेवली.

पुढचे दोन आठवडे मी ही दुरुस्ती करत होते. नोंदलेलं शून्य असेल तर भरीव ठिपक्याऐवजी पोकळ गोल काढायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण जुनी चित्रं बिघडता कामा नयेत, शंभर जागी तपासण्या लावाव्या लागतात. मंजुरी देणारा गृहस्थ कुठल्या तरी थंड देशातला. त्यानं विचारलं, मुळात शून्य साठवून ठेवतं कोण? मी उत्तर दिलं, माझे वडील. त्यावर त्यानं हसरा चेहरा पाठवला.

एका संध्याकाळी मी बाबांनाही विचारलं. "बाबा, शून्य काऊन लिहिता? काही नसलं तर सोडून द्यायचं ना."

"कोरं सोडलं म्हंजे पाह्यलंच नाई," बाबा म्हणाले. "बत्तीस वर्सं सर्वेचे फॉर्म भरले मी. गेलोच नाई त कोरं. जाऊन पाह्यलं न् काही नाई, त शून्य. दोन्हीत फरक हाय, माय."

"मग बाकीच्या साडेपाच हजार झाडांना शून्य का नाही?"

"ते जाता जाता पाहतो. तिथं थांबून पाहतो."

कृषी खात्याची सवय, मी मनात म्हटलं. बरोबर माझ्या पोकळ गोलासारखा विचार! मला तर बापाचा अभिमानच वाटला.

रेडिओचं मात्र तेव्हाच लक्षात आलं. रोज तो मधेच कुठंतरी मिनिटभर बंद व्हायचा. गाणं कापल्यासारखं थांबायचं, कपाशीतून काही म्हणजे काही आवाज यायचा नाही, आणि मग पुन्हा सुरू. विचारलं तर बाबा म्हणाले, "सेल वाचवतो."

मिनिटभरात कसले सेल वाचतात?

५

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुरुस्ती मंजूर झाली. दसऱ्याला दादा गाडी घेऊन हजर. पूजा झाली, श्रीखंड झालं, आणि मी लॅपटॉप त्याच्यापुढं ठेवला. पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी एकाच चित्रात. भरीव ठिपके डोमकळ्यांचे, पोकळ गोल शून्याचे.

"घे. अठ्ठावन, पोकळ. एकोणपन्नास, पोकळ. एक्केचाळीस, पोकळ. बाबांनी तिथं काही नाही असंच लिहिलंय. भास आमच्या लायब्ररीला होत होते."

दादानं एकेक गोल बोटानं तपासला. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. त्यालाही कुठं हौस होती हो बापाला उचलून न्यायची? तो उठला आणि बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याच्या हातावर आपट्याची पानं ठेवली.

"जया रोज चित्र पाठवत जा," जाताना तो म्हणाला. "नवीनवालं. तेवढं नीट आलं की मला घोर नाही."

गाडी रिकामी परत गेली. आई त्या दिवशी किती महिन्यांनी गुणगुणत भांडी घासत होती! मी समाधानानं खोलीत येऊन बसले, चित्र अजून उघडंच होतं, आणि आपलंच काम आपण पुन्हा पुन्हा बघतो तसं बघत राहिले.

तेव्हा मला ती रांग दिसली.

इतके दिवस शून्याचे ठिपके बाकीच्या ठिपक्यांत मिसळून गेले होते. आता पोकळ गोल वेगळे उठून दिसत होते. अठ्ठेचाळीस दिवस, अठ्ठेचाळीस गोल. पहिला गोल नाल्याकडे, चौसष्टाव्या ओळीत. दुसऱ्या दिवशीचा त्रेसष्टाव्या. मग बासष्टाव्या. एक दिवस सुटला नव्हता, एक ओळ सुटली नव्हती. आजचा सतराव्या ओळीत. कधी एक्केचाळिसावं झाड, कधी बेचाळिसावं, कधी त्रेचाळिसावं, माणूस चालताना जरा डावी-उजवीकडे होतो तितकंच. नाल्याकडून निघून ती गोलांची रांग चित्रात वर वर येत होती. वर आमचं घर.

माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मी काही भित्री नाही, आणि मला कारणं शोधायचा पगार मिळतो. मी कारणं शोधली. बाबा रोज एक ओळ पुढं सरकत असतील? नाही, डोमकळ्यांच्या नोंदी रोज सगळ्या शेतभर होत्या. दमून बसायची जागा असेल? मग ती रोज का बदलेल? लायब्ररी संगणकाप्रमाणं शून्यापासून मोजते आणि माणूस एकपासून, त्यात काही घोटाळा? एका ओळीनं सगळं सरकेल, रोज एकेक ओळ नाही चालत येणार. दुरुस्तीतच चूक असावी म्हणून मी सगळ्या तपासण्या पुन्हा चालवल्या. सगळ्या पास झाल्या. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं वाईट वाटलं.

६

दसऱ्याला सोनं वाटत बाबा गावभर फिरले, त्यानं त्यांचा गुडघा सुजला. एक दिवस तसेच लंगडत गेले. तिसऱ्या दिवशी आईनं रस्ता अडवला, "पाय पाह्यला का तुमचा? भोपळा झाला भोपळा."

बाबा ओट्यावर बसले. तीन वाजले, साडेतीन वाजले. त्यांची नुसती चुळबुळ. शेवटी मला म्हणाले, "जयमाला, बाकी राहू दे. पंधराव्या ओळीत तेवढं पाहून ये. त्रेचाळीस नंबरचं झाड."

"बाबा, तिथंच काऊन?"

"आज तिथं हाय म्हणून." मग सावरून म्हणाले, "कोरं राह्यलं नाई पाह्यजे, माय. एक बी दिवस कोरं नको."

मी नाही म्हणू शकले असते. पण मग ते स्वतः निघाले असते, भोपळ्यासकट. मी ओढणी कमरेला बांधली. बाबा काठी टेकत शेताच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत आलेच, वही उघडून उभे राहिले, आणि रेडिओ आधीच बंद केला.

ऑक्टोबरातली कपाशी माझ्या छातीला लागत होती. ऊन तिरपं झालेलं, वारा होता, बोंडं फुटायला लागलेली. दूर मोताळ्याच्या रस्त्यावर एसटीनं हॉर्न दिला. चौदाव्या आणि पंधराव्या ओळीच्या मधून मी झाडं मोजत निघाले. दहा. वीस. चांगलं मोकळं वाटत होतं. मी मनात स्वतःला हसलेही, की बाई, तुझं शिक्षण काय आणि तू करतेस काय! तीस. पस्तीस.

अडतिसाव्या झाडाशी माझ्या लक्षात आलं की पाखरं बोलत नाहीयेत. चाळिसाव्याशी वारा अंगाला लागत होता, पुढची-मागची कपाशी डुलत होती, पण समोरच्या पाच-सहा झाडांचं पानही हलत नव्हतं. एक्केचाळीस. बेचाळीस. मला मागं फिरायचं होतं. खरं सांगते, फार फार फिरायचं होतं. पण धुऱ्यावर बाबा उभे होते, आणि मी पळत आलेली त्यांनी पाहिली तर काय होईल ते मला दिसत होतं.

मी त्रेचाळिसाव्या झाडाची फांदी बाजूला केली.

खाली, दोन झाडांच्या मधल्या सावलीत, काळे केस होते. मधोमध भांग. सरळ, नुकता तेल लावून पाडलेला. कुणीतरी गुडघ्यात मान घालून, घराकडं पाठ करून बसलं होतं. इतकं जवळ की फांदी सोडली तर पानं त्या डोक्याला लागली असती. पदर म्हणावा तर पदर नव्हता, आणि श्वास घेताना पाठ हलते तशी ती हलत नव्हती.

मी फांदी सोडली नाही. हळूच आपल्या जागी नेऊन ठेवली.

"जयमाला!" धुऱ्यावरून बाबांचा आवाज आला. "काय लिहू?"

७

मला वाटलं होतं अशा वेळी माणसाची दातखीळ बसते. तसं नाही होत. माझं डोकं लख्ख चालत होतं. मी खरं सांगितलं, तर बाबा ते लिहिणार, आई ऐकणार, दादाला कळणार. उद्या सकाळी गाडी दारात. या वेळी बापाबरोबर लेकीलाही भास होतात म्हणून तो आम्हा तिघांना घेऊन जाईल, आणि मला त्याला एका शब्दानं अडवता येणार नाही. बाबा चौथ्या मजल्यावर. आईचं गुणगुणणं बंद.

"शून्य!" मी ओरडले. आवाज कापला नाही याचं मलाच नवल वाटलं.

"कितवं झाड?"

"त्रेचाळीस!"

मी न धावता परत आले. एकेक झाड मोजत. मागं पाहिलं नाही. चाळिसाच्या अलीकडे पानं पुन्हा हलायला लागली, पस्तिसाशी एक पाखरू ओरडलं. धुऱ्यावर पोचले तेव्हा बाबांची पेन्सिल अजून कागदावर घसरत होती. त्यांनी वही मिटली, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि आम्ही दोघं लंगडत घराकडं निघालो. त्यांचा हात गरम होता. त्यांनी दुसऱ्या हातानं रेडिओ लावला, कापसाचे बाजारभाव सांगत होते. मला रडू येईल असं वाटलं, आणि त्याच वेळी इतकं सुरक्षितही वाटलं की लहानपणी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसल्यावर वाटायचं तितकं.

मागच्या दाराशी आल्यावर ते थांबले. आत आई कप मांडत होती. बाबांनी रेडिओ लहान केला आणि माझ्याकडं न बघता हळूच विचारलं,

"अजून पाठमोरीच हाय ना?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. दोन महिने होत आले, रोज दुपारी हा माणूस एकटा तिथं थांबून पाहत होता, आणि रोज संध्याकाळी आम्हाला शून्य वाचून दाखवत होता. आजचं माझं धरून पन्नास शून्यं, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

"हाव," मी म्हणाले.

"मंग काही घोर नाई." त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "दीपकले चित्र पाठवून दे. वाट पाहत असंन तो."

मी आत गेले, टाइप केलं, चित्र काढलं आणि पाठवलं. दादाचा लगेच अंगठा आला. आईनं चहाला हाक मारली.